रेडिओताईंनी न लिहिलेले शब्द

इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला वळसा घालून गेलं की अगदी टोकाला एक खोली आहे. तिथला दिवा कधी लागत नाही. नवा कर्मचारी दार ढकलून डोकावला तर त्याला अंधारात कुणीतरी बसलेलं दिसतं, आणि माणसाच्या जिभेला झेपणार नाही अशा वेगाने बडबडणारा एक आवाज ऐकू येतो. दोघे-तिघे तर पाय लावून पळाले आहेत. जुने लोक त्यांना हसतात आणि सांगतात, "अरे, त्या आमच्या रेडिओताई. त्यांना दिसत नाही, मग दिवा कशाला जाळायचा?"

रुग्णाला घरी सोडताना जो कागद हातात देतात, तो ताईंच्या हातून जातो. काय झालं होतं, काय केलं, कुठली गोळी किती दिवस घ्यायची, परत कधी यायचं, हे सगळं त्यावर असतं. डॉक्टरलोक दोन शस्त्रक्रियांच्या मधे, चहाचा घोट घेत, अर्धे शब्द गिळत रेकॉर्डिंग करतात. ताईंच्या डाव्या कानात ते रेकॉर्डिंग असतं. उजवीकडे टेबलावर स्पीकर. कॉम्प्युटरमधला वाचणारा प्रोग्राम पडद्यावरचं त्यातून बोलून दाखवतो. त्याचा वेग ताईंनी इतका वाढवून ठेवलाय की बाकीच्यांना तो मिक्सर चालल्यासारखा वाटतो. मधे कळफलक. फॉर्मात अकरा चौकटी. एक चौकट भरायची, टॅब नावाचं बटण दाबायचं, की पुढची चौकट. प्रोग्राम तिचं नाव घेतो, ताई भरतात, पुन्हा टॅब. बावीस वर्षं हेच चाललंय, आणि या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नाही.

ताईंचे डोळे नवव्या वर्षी तापात गेले. थोरली बहीण शिवणकाम करायची. तिनेच हाताला धरून टायपिंगच्या वर्गात नेलं. तिथले मास्तर खडूस. पहिल्याच दिवशी म्हणाले, "डोळस माणूस चुकला तर लोक म्हणतात, चुकला. तू चुकलीस तर म्हणतील, आंधळीच ती. म्हणून तू चुकायचं नाहीस." आता हे काय लहान मुलीला सांगायचं बोलणं झालं? पण मुलीने ते गाठीला बांधलं. पुढे मुलगी मोठी झाली, इस्पितळात लागली, केस पिकले, तरी ती भीती काही सुटली नाही. कागद पूर्ण झाला की त्या रुग्णाचं नाव, गोळीचं नाव आणि प्रत्येक आकडा परत ऐकायच्या. बाकीच्या चौकटी नाही ऐकायच्या. 'सकाळी' टाइप केलं म्हणजे 'सकाळी'च. बोटांवर तेवढा भरवसा होता, आणि रोजचे वीस कागद उपसायचे तर तो ठेवावाच लागतो.

त्यांना खरी भीती वाटायची ती एका कंपनीची. इस्पितळातले सगळे कॉम्प्युटर तिच्याच प्रणालीवर चालतात. कंपनी कुठे आहे, कुणाची आहे, ताईंना ठाऊक नाही. पण तिकडे कुणी शिंकलं की इकडे यांना पडसं व्हायचं. एकदा जुनी प्रणाली बंद केली, तेव्हा तोंडपाठ असलेली साठ बटणं पुन्हा शिकावी लागली. एकदा तर आवाजच बदलला. अकरा वर्षं स्पीकरमधून बोलणारा पुरुष एका सकाळी गेला आणि एक अनोळखी बाई बोलायला लागली. तिच्या बोलण्याला इतरांनी "किती गोड" म्हटलं. ताई त्या दिवशी संडासात जाऊन रडल्या होत्या. तो माणूस खरा नव्हता हे त्यांना कळत होतं, तरी रडल्या. दर वेळी पडद्यावर आधी सूचना यायची, आणि तिला दोनच उत्तरं असायची: 'आता' आणि 'नंतर'. 'नको' असं बटण त्या कंपनीने बनवलंच नाही. इस्पितळाचे साहेबही तक्रार करायचे आणि पुढच्या वर्षीच्या करारावर मुकाट्याने सही करायचे. अडला हरी, गाढवाचे पाय धरी.

त्या सोमवारी ताई आल्या तेव्हा कॉम्प्युटर रविवारीच आपणहून नवा होऊन बसला होता. कॉम्प्युटर सांभाळणारा माणूस, त्याला सगळे मशीनवाला म्हणतात, दारातच भेटला.

"ताई, काळजी करू नका. काही हललेलं नाही. फक्त थोडा हुशार झालाय."

"हुशार म्हणजे?"

"म्हणजे वेगात चालतो. तुम्ही बघा ना, आपलं, ऐका ना."

ताईंनी अर्धा तास एकेक बटण दाबून पाहिलं. आवाज तोच. चौकटी त्याच, क्रम तोच. टॅब दाबला की पुढची चौकट. त्यांचा जीव भांड्यात पडला. चांगली सुटले, असं त्यांनी घरी बहिणीला सांगितलंसुद्धा.

गुरुवारी साडेअकराच्या सुमारास वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर तयार कागद न्यायला आल्या. या सिस्टर म्हणजे ताईंची इस्पितळातली एकुलती एक मैत्रीण. कागद चाळता चाळता म्हणाल्या, "ताई, हल्ली तुम्ही फार सविस्तर लिहायला लागलात हं. कालची ती अपेंडिक्सची बाई मला विचारत होती, 'आठ दिवसांनी रिपोर्टसह या' असं लिहिलंय, पण कुठला रिपोर्ट? मी डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, मी असं काही बोललोच नाही."

"मीही लिहिलं नाही," ताई म्हणाल्या. "मी 'आठ दिवसांनी' लिहिलं."

"अहो, कागदावर आहे."

ताईंनी कालचा कागद उघडला आणि ती चौकट वाचायला लावली. स्पीकर बोलला, "आठ दिवसांनी रिपोर्टसह यावे." ताईंनी तो परत लावला. तेच. मग डाव्या कानातलं डॉक्टरांचं रेकॉर्डिंग लावलं. डॉक्टर म्हणत होते, "आठ दिवसांनी," आणि पुढे चहाचा घोट घेतल्याचा आवाज.

"सिस्टर, जरा माझ्या मागे उभ्या राहा," ताई म्हणाल्या. "मी टाइप करते. पडद्यावर काय होतं ते सांगा."

त्यांनी कोरा फॉर्म उघडून लिहिलं, 'आठ दिवसांनी'.

"हे काय," सिस्टर म्हणाल्या, "पुढे आपोआप फिकट अक्षरं आली. राखाडी. 'रिपोर्टसह यावे.' आमच्याकडेही सोमवारपासून येतात, आम्ही खोडून टाकतो. तुम्हाला ऐकू येत नाहीत ती?"

"नाही."

"आता टॅब दाबा. हं, बघा, ती काळी झाली. पक्की झाली. आणि तुम्ही पुढच्या चौकटीत गेलात."

चार दिवस. चार दिवस या खोलीत त्यांच्या शेजारी कुणीतरी बसलं होतं, त्यांच्या कागदावर लिहीत होतं, आणि ते लिहिताना एक श्वासही ऐकू येत नव्हता. बावीस वर्षं टॅब म्हणजे 'पुढे'. तिकडे कुणीतरी ठरवलं की आता टॅब म्हणजे 'हो'. आणि ताई दिवसाला दोनशे-अडीचशे वेळा हो, हो म्हणत बसल्या होत्या. या लोकांना एवढी बटणं पडली आहेत कळफलकावर, पण नेमकं हेच सापडलं.

सिस्टरांना वॉर्डातून बोलावणं आलं, त्या गेल्या. ताईंनी दाराला आतून कडी घातली आणि सोमवारपासूनचे कागद एकेक करून ऐकायला सुरुवात केली. त्रेसष्ट कागद होते. बटणं दोनदा चुकली. असं त्यांचं कधी होत नाही. एका कागदावर 'जेवणानंतर' असं न सांगितलेलं आलं होतं. एकावर 'भरपूर पाण्याबरोबर'. अशा निरुपद्रवी चुका अठरा निघाल्या आणि दर चुकीला त्या देवाचे आभार मानत गेल्या. एकोणिसावी चूक सोमवारच्या पाचव्याच कागदावर होती. पण त्या शेवटून ऐकत आल्या होत्या, म्हणून ती सगळ्यात उशिरा सापडली.

तो कागद सिग्नलवाल्या काकांचा होता. वय एकाहत्तर, हृदयाची झडप बदललेली. रेल्वेतून निवृत्त झालेले. रक्त पातळ ठेवणारी गोळी, एक, रोज. 'केव्हा घ्यावी' या चौकटीपाशी स्पीकर म्हणाला, "सकाळी व संध्याकाळी."

ताईंनी लगेच रेकॉर्डिंग लावलं. मोठे डॉक्टर स्वच्छ म्हणत होते, "सकाळी."

ही गोळी म्हणजे चेष्टा नाही, एवढं बावीस वर्षांत ताईंना कळत होतं. कमी पडली तर रक्ताची गाठ होते, जास्त झाली तर रक्त थांबता थांबत नाही. सोमवारी दुपारी काका घरी गेले. सोमवारची संध्याकाळ, मंगळवारची, बुधवारची. तीन गोळ्या जास्त पोटात गेल्या होत्या आणि आज संध्याकाळी चौथी जाणार होती. ताईंनी कागदावरचा फोन नंबर लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पाचव्यांदाही वाजून बंद झाला.

मग त्यांनी बहिणीला फोन केला. का केला कुणास ठाऊक. घाबरलेलं माणूस आधी आपल्या माणसाला हाक मारतं.

बहिणीने सगळं ऐकून घेतलं. शिलाई मशीन थांबल्याचं ताईंना ऐकू आलं.

"कागदावर सही कुणाची आहे?" बहीण म्हणाली.

"डॉक्टरांची."

"मग तू गप्प बस. झाकली मूठ सव्वा लाखाची. ते नवीन साहेब आधीच म्हणतायत ना, की आता मशीनच डॉक्टरांचं ऐकून टाइप करेल? त्यांच्या हातात आयतं कोलीत देऊ नकोस. वॉर्डातून कुणीतरी फोन करेल त्यांना. तुझं नाव कशाला मधे?"

"वॉर्डात कुणाला माहीत आहे? मला एकटीला माहीत आहे."

बहिणीने मशीन पुन्हा सुरू केलं. तिलाही भीती वाटत होती. घर दोघींचं होतं, आणि तिचे डोळेही आता शिवणीवर ठरत नव्हते.

ताई पाच मिनिटं तशाच बसून राहिल्या. या पाच मिनिटांची त्यांना पुढे लाज वाटली, पण ती झाली हे खरं आहे. शिकवलेला शब्द न् शब्द आठवत होता मास्तरांचा. नोकरी जाईल, लोक म्हणतील आंधळीच ती, आणि म्हणतील तेव्हा खोटं काय म्हणतील? दिसत असतं तर फिकट अक्षरं दिसली असती. मग त्यांना वाटलं की काका आत्ता घरी पडलेले असतील आणि फोनपर्यंत त्यांना जाता येत नसेल. त्या उठल्या. काठी हाताला लागेना. काठीशिवायच भिंतीला धरून निघाल्या.

मोठे डॉक्टर नुकतेच शस्त्रक्रिया करून बाहेर आले होते. ताईंनी उभ्या उभ्या सांगितलं, एका दमात. डॉक्टर आधी चिडले.

"ताई, तुम्ही परत ऐकत नाही का?"

"आकडे ऐकते. हे ऐकलं नाही. चूक माझी." मग त्या म्हणाल्या, "तुम्ही सही करताना वाचलं होतं का?"

बावीस वर्षांत त्या कुठल्या डॉक्टरला असं बोलल्या नव्हत्या. सोमवारी डॉक्टरांनी चौदा कागदांवर एका बैठकीत सह्या केल्या होत्या.

"तुमचा टाइप केलेला कागद मी कधीच वाचत नाही," ते म्हणाले. "कुणीच वाचत नाही. रुग्णवाहिका घेऊन जा. सिस्टरांना बरोबर घ्या. काही खाल्लं-प्यायलं असलं तरी तसंच घेऊन या."

रुग्णवाहिकेत ताई पुढच्या बाजूला बसल्या, सिस्टरांचा दंड घट्ट धरून. सिस्टर म्हणाल्या, "हात दुखतोय हो माझा," तरी त्यांना सोडवेना. गल्लीच्या तोंडाशी गाडी अडकली. उतरून चालावं लागलं. सिस्टर घरांचे नंबर मोठ्याने वाचत होत्या. चाळीस, बेचाळीस, मधेच एक दुकान, मग एकदम एक्कावन्न. जिना अरुंद होता, ताईंच्या खांद्याला दोन्ही बाजूंनी भिंत लागत होती. तिसऱ्या मजल्यावर दार वाजवलं. कुणी उघडेना. सिस्टरांनी पुन्हा वाजवलं. ताईंना आतलं काहीच ऐकू येत नव्हतं. ज्या कानांनी त्यांना बावीस वर्षं पोसलं, ते कान ऐन वेळी संपावर गेले, नुसते सूं सूं करत होते.

दार सुनेने उघडलं.

"इस्पितळातून? बरं झालं आलात. मी आत्ता रिक्षाच बघायला निघाले होते. सकाळपासून नाकातून रक्त येतंय, थांबतच नाही. हातावर बघा कसे निळे डाग पडलेत. फोन कसा उचलू, मी यांचं नाक धरून बसलेय."

काका खाटेवर उशीला टेकून बसले होते. टॉवेल नाकाला लावलेला. तरी पाहुणे आलेत म्हणून उठायला बघत होते. सिस्टरांनी त्यांना खाली दाबून बसवलं आणि नाडी धरली.

"काका, गोळी किती घेताय?" ताईंनी विचारलं.

"दोन. सकाळी आणि संध्याकाळी. घड्याळ लावून. एकदाही चुकलो नाही."

"मी म्हणत होते त्यांना," सून म्हणाली. तिला रडू येत होतं आणि रागही. "निघताना डॉक्टर माझ्यादेखत म्हणाले होते, फक्त सकाळी. तीन दिवस मी कानीकपाळी ओरडतेय. ऐकतील तर शपथ."

"ते तोंडी होतं," काका टॉवेलमागून म्हणाले. "एकतीस वर्षं सिग्नलवर काढली मी. फोनवरून कुणी साहेब काही म्हणो, जोवर कागद हातात येत नाही तोवर खटका ओढायचा नाही. आणि कागद आला की तोंडी रद्द. त्यामुळे माझ्या हातून एक गाडी कधी चुकीच्या रुळावर गेली नाही."

हा माणूस विसरला नव्हता, की त्याने हलगर्जीपणा केला नव्हता. डॉक्टरांनी त्याला खरं सांगितलं होतं. सून रोज खरं सांगत होती. ताईंचा कागद मात्र त्या दोघांवर भारी पडला होता.

इस्पितळात त्यांना इंजेक्शन दिलं, रक्त तपासायला नेलं. आकडा फार वर गेला होता. आजची संध्याकाळची गोळी गेली असती तर काय झालं असतं, हे ताईंनी विचारलं तेव्हा डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले. शुक्रवारी दिवसभर ताई दर तासाला वॉर्डाच्या दाराशी जाऊन उभ्या राहत. आत जात नसत. शुक्रवारी संध्याकाळी नाकाचं रक्त थांबलं, शनिवारी आकडा जागेवर आला.

मशीनवाल्याने त्यांच्या कॉम्प्युटरवरची ती फिकट अक्षरं बंद करून दिली. एकशे तिसावा पर्याय कुठेतरी पोटात दडवलेला होता, तो शोधायला त्याला दीड तास लागला. "पुढच्या अपडेटला आपोआप परत चालू होऊ शकतं," तो म्हणाला. "ते माझ्या हातात नाही." कंपनीला तक्रार पाठवली होती, तिचं उत्तर एका मिनिटात आलं. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, असं त्यात होतं. ते उत्तरही बहुधा कुणी माणसाने लिहिलेलं नव्हतं. नवीन साहेबांनी ताईंना अजून बोलावलं नव्हतं. बोलावतील, हे त्यांना माहीत होतं.

सोमवारी काकांना सोडायचं ठरलं. ताई त्यांच्या खाटेपाशी गेल्या आणि जे झालं ते सगळं सांगितलं. शब्द मी लिहिले नव्हते, पण बटण मी दाबलं, असं सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"त्या कंपनीचं मला काही कळत नाही," ते म्हणाले. "तुम्ही स्वतः धावत आलात, एवढं मला पुरतं. आता नवा कागद करून द्या. तुम्ही द्याल तो मी मानणार."

"सूनबाई काय म्हणतात तेही ऐका, काका. डॉक्टर काय म्हणतात ते ऐका. कागदात आणि त्यात फरक असला तर घ्यायची नाही, फोन करायचा."

"छे," काका म्हणाले. "कागद तो कागद."

ताई वर आल्या. सिस्टरांना मागे उभं केलं. खोलीतला दिवा लावायला सांगितला, सिस्टरांना नीट दिसावं म्हणून. नाव, वय, गोळी, एक. 'केव्हा घ्यावी' या चौकटीत त्यांनी 'सकाळी' लिहिलं आणि बोट टॅबच्या वर नेऊन थांबवलं.

"काही दिसतंय का?"

"नाही, ताई. नुसतं सकाळी."

"फिकट काही?"

"काही नाही."

त्यांनी टॅब दाबला. लगेच मागे येऊन ती चौकट वाचायला लावली. "सकाळी," स्पीकर म्हणाला. वेग एवढा कमी केला होता की तो आवाज त्यांना परक्याचा वाटला. परत लावलं. "सकाळी." सिस्टरांना पुन्हा वाचायला सांगितलं. सिस्टरांनीही तेच वाचलं. ताईंनी अजून एकदा लावलं.

"ताई, काका खाली कपडे घालून बसलेत. गाडी थांबलीय त्यांची."

"थांबू दे," ताई म्हणाल्या, आणि बोट पुन्हा वाचून दाखवण्याच्या बटणावर ठेवून त्यांनी तो एक शब्द चौथ्यांदा वाचायला लावला.